दादासाहेब आणि प्रायश्चित्त

‘ध चा मा’ शिकवून झालं की वर्गातलं एखादं पोर हमखास विचारायचं, “सर, मग दादांना काहीच वाटलं नाही का?” मी कोपरगावचा, आणि राघोबादादा वारले ते आमच्याच गावी. तेव्हा उत्तराची जबाबदारी माझ्यावर जरा जास्तच.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. थकलेल्या पगारासाठी गलका करत गारदी शिपाई शनिवारवाड्यात घुसले. दादांचा पुतण्या, अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव पळत दादांकडे गेला आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून बसला. चाफाजी टिळेकर हा हुजऱ्या धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही तोडलं.

गारद्यांना दिलेल्या हुकुमात आपण फक्त ‘धरावे’ लिहिलं होतं, असं दादांचं म्हणणं. कागदावर ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ अशी खाडाखोड दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी केली की आणखी कोणी, हा वाद अजून चालू आहे. मला त्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष दादांच्या माथी ठेवला, तेव्हा दादांनी त्यांनाच प्रायश्चित्त विचारलं, असं परंपरा सांगते. ग्रँट डफनेही ते नोंदवलं आहे. प्रायश्चित्ताची रीत त्या काळी सगळ्यांना ठाऊक होती. ब्राह्मणसभेपुढे पाप कबूल करायचं, मग उपास, दान, तीर्थयात्रा जे ठरेल ते करायचं आणि पुन्हा पंगतीला बसायचं. म्हणजे त्या प्रश्नात अर्धी कबुली होती आणि अर्धा सौदा. अटकेपर्यंतच्या मोहिमेचा सेनापती एका शास्त्र्यासमोर सुटकेची वाट विचारतो, यालाच मी दादांचं मोडून पडणं म्हणतो. शास्त्रीबुवांनी देहान्त सांगितला, पुणं सोडलं आणि वाईजवळ पांडववाडीला जाऊन राहिले.

दादांनी अर्थातच देह ठेवला नाही. पेशवाईची वस्त्रं घेतली, विरोधात एकवटलेल्या बारभाई कारभाऱ्यांशी लढले, १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. पुढची बरीच वर्षं इंग्रजांच्याच आश्रयाने गेली. पश्चात्ताप झालेला माणूस असं करतो का? करतो, असं माझं मत आहे. परतायचं दार बंद झालेला माणूस बहुतेक पुढेच पळतो. नाटकवाल्यांना मात्र हे पळणं रंगवता येत नाही. त्यांना दिवाणखान्यात डोकं धरून बसलेले दादा हवेत. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नंतर तर लोकांना इतिहासातले दादा कमी आणि रंगमंचावरचेच जास्त आठवतात.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांना दरमहा २५,००० रुपये नेमून दिले आणि ते गोदाकाठी, आमच्या गावी आले. इथल्या बेटावर कचेश्वर आणि शुक्राचार्यांचं देऊळ. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या कचाने शिकली ती इथेच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुतण्याच्या खुनाचा डाग घेऊन दादा राहायला आले ते नेमके या गावात. ११ डिसेंबर १७८३ रोजी ते वारले. वय ४९.

आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. नंतर त्यांना चिमाजी झाला. थोरला मुलगा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला आणि १८१८ मध्ये त्याच्याच हातून पेशवाई गेली.