घरगुती एसीतील गॅसगळतीची तपासणी

एसीतील शीतक वायू बंद नळ्यांतून फिरतो आणि वापराने संपत नाही. त्यामुळे दरवर्षी ‘गॅस भरावा लागतो’ ही समजूत चुकीची आहे: गॅस कमी झाला, तर गळती आहेच. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. अंबरनाथ व बदलापूर येथे रासायनिक कारखाने आहेत, तर अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी नदी सांडपाण्याने प्रदूषित आहे. सडक्या सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडून कुरतडतो. बाहेरचे युनिट नाल्याकडे तोंड करून असेल, तर त्याची कॉइल लवकर झिजू शकते.

गळतीची जागा बहुधा तेलकट दिसते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते. फ्लेअर नट आणि वेल्डिंगच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. इनडोअर कॉइलवर अर्ध्याच भागात बर्फ धरणे, हीही खूण; मात्र तुंबलेल्या फिल्टरनेही बर्फ साचतो. सूक्ष्म गळतीसाठी नायट्रोजनचा दाब देतात. जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा काढून, वजन करूनच गॅस भरावा.

अनेक नव्या एसींत वापरला जाणारा आर-३२ हा शीतक वायू सौम्य ज्वलनशील आहे. त्याची जागतिक तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट, तर जुन्या आर-२२ ची सुमारे 1,800 पट असते. तपासणी उन्हाळ्यापूर्वी, खिडक्या उघड्या ठेवून करावी.