टक्का-फॉरमॅटिंग (पायथन)

पायथन या संगणकभाषेत मजकुराच्या साच्यात मूल्ये बसवण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही चालू असलेली पद्धत. 'सी' भाषेतील प्रिंटएफवर ती बेतलेली आहे. डावीकडे साचा, मधे % हे चिन्ह आणि उजवीकडे मूल्ये, अशी तिची रचना असते. साच्यात % नंतर 'एस' आल्यास मजकूर, 'डी' आल्यास पूर्णांक बसतो. 'सी'कडून आलेली 'एल'सारखी लांबीदर्शक अक्षरेही पायथन निमूटपणे स्वीकारतो आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

हिची नोंद कशी करावी, याबाबत पायथनच्या अधिकृत दस्तऐवजांची भूमिका पालटत गेली. २००८ मध्ये पायथन ३.० सोबत 'फॉरमॅट' ही नवी पद्धत रुळवायची होती. तेव्हा टक्का-पद्धत कालबाह्य आहे, पुढे काढली जाऊ शकते, अशी टीप छापली गेली, ३.१ पासून तिला निरोप देण्याचा बेतही जाहीर झाला. तो तडीस गेला नाही. ३.२ च्या टिपेत तसा विचार सध्या नसल्याची कबुली आली. पुढे संदर्भग्रंथातील विभागाचे 'जुनी' हे विशेषण गळून 'प्रिंटएफ-शैली' असे नाव पडले. अधिकृत पाठमालेत (ट्युटोरियलमध्ये) मात्र 'जुनी' तसेच राहिले. २०१५ मध्ये ३.५ ने तर हीच सोय बाइट्ससाठी परत आणली. 'कालबाह्य' हा शब्द दस्तऐवजात घाईने वापरला की तो मागे घेणे किती अवघड जाते, याचा हा नमुना होय. २०१६ मध्ये एफ-स्ट्रिंग ही आणखी नवी पद्धत आल्यानंतरही टक्का-पद्धत टिकली. लॉगिंग मॉड्यूल संदेशांसाठी मुळात तिच्यावरच उभे आहे, हे त्याचे एक कारण. तेथे संदेश प्रत्यक्ष नोंदवायचा असेल तेव्हाच मूल्ये साच्यात भरली जातात.

सध्याची टीप काढून टाकण्याची धमकी देत नाही, खाचखळगे सांगते. ही रीत अधिक उपयोगी. मुख्य खळगा टपलचा, म्हणजे कंसात मांडलेल्या मूल्यांच्या गटाचा: उजवीकडचे एकच मूल्य स्वतः टपल असेल, तर पायथन त्याला मूल्यांची यादी समजतो. साच्यात जागा एक आणि टपलमध्ये घटक दोन असतील, तर निदान त्रुटी तरी येते. घटक एकच असेल, तर कंस गळून चुकीचा मजकूर बिनबोभाट छापला जातो. उपाय म्हणजे मूल्य पुन्हा एका घटकाच्या टपलमध्ये गुंडाळणे, आणि त्यातला स्वल्पविराम न विसरणे.

मराठी मजकुराबाबत एक अडचण मात्र दस्तऐवजात शोधूनही सहज सापडत नाही. रुंदी मोजताना पायथन ३ युनिकोडचे संकेतांक मोजतो. 'पुणे' ही डोळ्यांना दोन अक्षरे, मोजणीत चार. दहाची रुंदी मागितल्यास सहाच मोकळ्या जागा भरल्या जातात आणि गावांच्या नावांचा रकाना वाकडा होतो. 'फॉरमॅट' आणि एफ-स्ट्रिंगमध्येही हेच घडते, त्यामुळे याचे खापर एकट्या टक्क्यावर फोडता येत नाही.