तिथीची शाळा आणि वाराची शाळा : मराठी प्राथमिक शिक्षणातील आठवडा व घरचा अभ्यास

‘आठवडा’ हा शब्द मराठीत सात दिवसांच्या कालखंडाला लागलेला असला, तरी त्याच्या पोटात आठाचा अंक आहे. एका सोमवारापासून पुढच्या सोमवारापर्यंत दोन्ही सोमवार धरून मोजले म्हणजे आठ दिवस भरतात. ही मोजणी अभ्यासिकेतील नव्हे, बाजारातील वाटते. गावोगावचे बाजार वारावर भरत, आणि पुण्यात तर सोमवार, मंगळवार, बुधवार, शनिवार अशा पेठाच वसल्या. वारांचे चक्र महाराष्ट्राला परके नव्हते, हे यावरून उघड आहे. असे असूनही इंग्रजी अमलापूर्वीच्या आणि त्याच्या आरंभीच्या मराठी शाळेत आठवडा हे अध्ययनाचे माप नव्हते. ते माप शाळेत केव्हा व कसे आले आणि त्याबरोबर मुलाच्या घरच्या अभ्यासाचे स्वरूप कसे पालटले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु शाळेत कोण टिकणार आणि कोण गळणार, याचा बराचसा निर्णय या बदलाने केला.

पंतोजीची शाळा तिथीने चाले. धर्मशास्त्रात वेदाध्ययनासाठी सांगितलेल्या अनध्यायांची सौम्य छाया तिच्यावर पडलेली होती. अमावास्या, पौर्णिमा आणि सणवार हे तिचे सुट्टीचे दिवस. वर्षाचा खरा सोहळा विजयादशमीचा. त्या दिवशी पाटीवर सरस्वती काढून तिचे पूजन होई आणि नव्या मुलाला शाळेत घालण्यासही तोच मुहूर्त पाहत. भरण्याची जागा म्हणजे देवळाचा मंडप, कोणा सधन गृहस्थाची ओसरी किंवा पंतोजीचे स्वतःचे घर. छापील पुस्तक तेथे नव्हते. तुळईवर पसरलेली विटेची किंवा मातीची धूळ हीच पहिली पाटी. ‘ओनामा’, ‘धुळाक्षरे’, ‘कित्ता गिरवणे’ हे आज केवळ लाक्षणिक अर्थाने उरलेले शब्दप्रयोग त्या काळी हाताच्या बोटांनी रोज करावयाच्या कामाची नावे होती.

या शाळांच्या दिनक्रमाचे बारीक वर्णन मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांपेक्षा शेजारच्या मद्रास इलाख्यात अधिक चांगले सापडते. सर टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये आपल्या इलाख्यातील शाळांची चौकशी आरंभिली. तिला उत्तर म्हणून बल्लारीचा कलेक्टर कँबेल याने ऑगस्ट १८२३ मध्ये जो अहवाल पाठविला, तो मराठी शिक्षणाच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे. कारण त्या जिल्ह्यातील ५३३ शाळांपैकी २३५ कानडी व २२६ तेलुगू असल्या तरी २३ मराठी होत्या, आणि अहवालात वर्णिलेली पद्धती भाषापरत्वे निराळी सांगितलेली नाही. कँबेल लिहितो की शाळा सकाळी सहा वाजता भरे. प्रथम येणाऱ्या मुलाच्या तळहातावर बहुमान म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य. म्हणजे स्तुती नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक अधिक. हजेरीपटाची आवश्यकताच या व्यवस्थेने संपविली होती असे म्हणावयास हरकत नाही. मात्र दूरच्या वाडीवरून येणाऱ्या पोराला तिचा हिशेब फारसा रुचला नसावा.

सर्व मुले जमली म्हणजे त्यांचे बहुधा चार गट पडत. खालच्या गटांची जबाबदारी वरच्या मुलांकडे असे आणि पंतोजी वरच्यांना शिकवीत सगळ्या शाळेवर नजर ठेवी. पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला शिकवावे आणि शिकविता शिकविता आपलेही पक्के करावे, या युक्तीची कँबेलने मनापासून प्रशंसा केली आहे, आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच झाले असे नमूद केले आहे. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल याने ही रीत उचलून विलायतेत नेली होती, तिचा हा उल्लेख होय. अक्षरओळख तोंडाने म्हणून होत नसे, लिहून होई. बोट वाळूत वळू लागले म्हणजे मग लेखणी हाती येई.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या शाळेत मुलाची प्रगती त्याची स्वतःची असे. एक मुलगा बाराच्या पाढ्यावर आहे, दुसरा एकोणतिसावर, तिसरा अद्याप धुळीत ‘ग’ गिरवीत आहे, अशी स्थिती एकाच ओसरीवर सहज नांदत असे. पेरणीच्या दिवसांत पंधरा दिवस शेतावर राहिलेला मुलगा परतला म्हणजे जेथे थांबला होता तेथून पुढे जाई. त्याचे पंधरा दिवस गेले, एवढेच. वर्ग पुढे निघून गेला असे होत नसे, कारण आजच्या अर्थाने वर्गच नव्हता.

दिवस मावळताना परवचा होई. एका मुलाने उभे राहून म्हणावयाचे आणि बाकीच्यांनी एका सुरात त्याच्यामागून म्हणावयाचे. पुढे घरी दिवेलागणीला, देवापुढे निरांजन लागल्यावर, तेच पुन्हा. एकापासून तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. आणि वार, तिथी, महिने, नक्षत्रे. घरच्या अभ्यासाचे जुने स्वरूप ते हेच. अपूर्णांकांच्या पाढ्यांची ही लांबलचक माळ नुसत्या पाठांतराच्या हौसेने ओवलेली नव्हती. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर, अशा चालीच्या व्यवहारात प्रत्येक हिशेब पावावर, अर्ध्यावर, पाऊणावर येऊन ठेपे. दीड आणे शेर दराने अडीच शेर धान्य घेतले तर पावणेचार आणे द्यावयाचे, हे ज्याची दीडकी तोंडपाठ आहे तो कागदाला हात न लावता सांगे. परवचा रोज घरी होई. त्याची परीक्षा मात्र आठवड्याच्या बाजारात, वडिलांच्या शेजारी उभे राहून. शाळेबाहेरच्या आठवड्याचा शाळेशी संबंध आला तो असा.

मुंबई इलाख्यातील पाहणीही याच सुमारास झाली. गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत कलेक्टरांकडून मागविलेली माहिती पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादून प्रसिद्ध केल्यामुळे आज सहज उपलब्ध आहे. १८२९ च्या आकड्यांप्रमाणे इलाख्यात १,७०५ शाळा आणि सुमारे ३५ हजार विद्यार्थी होते. लोकसंख्या सत्तेचाळीस लाखांच्या आसपास. या शाळांपैकी सरकारी अशा फारच थोड्या, बाकी सर्व गावच्या.

सरकारी शाळांचा आरंभ लहानच होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली तयार झालेले चोवीस शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्यांत पाठविण्यात आले. त्यांच्याबरोबर शिळाछापावरील पुस्तके गेली, आणि पाठोपाठ दगडी पाटी, नकाशा व वेळापत्रक. १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन व १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाल्यावर या व्यवस्थेला एकसारखेपणा आला. मेजर कँडीच्या क्रमिक पुस्तकांनी ‘पहिले पुस्तक’, ‘दुसरे पुस्तक’ असे टप्पे ठरविले, आणि इयत्ता ही कल्पना रुजली. सरकारी कचेरी रविवारी बंद, म्हणून सरकारी शाळाही रविवारी बंद; शनिवारी सकाळचीच शाळा. अमावास्या-पौर्णिमा हळूहळू पंचांगात राहिल्या, शाळेतून गेल्या. सण मात्र टिकले, कारण सण बंद करण्याइतके धाडस खात्यालाही नव्हते.

वाराची शाळा म्हणजे केवळ सुट्टीचा बदललेला दिवस नव्हे. वेळापत्रकात वाचन, शुद्धलेखन, गणित, भूगोल, मोडी असे विषय सहा दिवसांवर वाटले गेले. सोमवारी जो धडा झाला तो मंगळवारी सर्वांना आलेला आहे, असे गृहीत धरल्याखेरीज वेळापत्रक चालत नाही. जो सोमवारी नव्हता त्याच्यासाठी मंगळवारची शाळा अर्धवट मिटलेली असे. डेप्युटी इन्स्पेक्टर तपासणीस येई तो पुस्तकाप्रमाणे प्रश्न विचारी, आणि पंतोजीचे ‘मास्तर’ झालेले गृहस्थ त्या धास्तीने वर्गाला पुढे रेटीत. पेरणी, राखण, मळणी यांचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात शेतकरी व इतर गरीब वर्गातील थोडी मुले शाळेत येतात, पण दारिद्र्य व इतर कारणांमुळे फार काळ टिकत नाहीत, हे स्पष्टपणे मांडले होते. खेड्यांतील शाळांत मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब, आणि शेती, नीती व आरोग्य यांची मूलतत्त्वे शिकवावी, अशी त्यांची मागणी होती. शाळेने कुणब्याच्या जीवनाशी नाते जोडावे, हे तिचे मर्म.

घरच्या अभ्यासाचे रूपही याच काळात पालटले. परवचा कानाने तपासता येत असे. ज्या आईला एक अक्षर येत नव्हते, तिच्याही कानावर भावांचे, दिरांचे, थोरल्या मुलांचे पाढे वर्षानुवर्षे पडलेले असत. चौदा सत्ते किती यावर मुलगा अडखळला तर चुलीपाशी बसून ती त्याला अडवू शके. शुद्धलेखनाचा उतारा, पाटीवरचे त्रैराशिक, पुस्तकातील उत्तरे यांची तपासणी डोळ्यांनी करावयाची होती. १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा साडेपाचाच्याही आत होते. स्त्रियांत ते शेकडा एकदेखील नव्हते. अशा घरांत लिखित गृहपाठ येणे म्हणजे आईबापांना मुलाच्या अभ्यासाबाहेर बसविणेच होते. ज्या घरात कारकुनाचे किंवा भटाभिक्षुकाचे अक्षर पूर्वीपासून होते, तेथे ही अडचण जाणवली नाही. पांढरपेशा आणि कष्टकरी यांच्या मुलांतील अंतर शाळेच्या चार भिंतींत जेवढे वाढले, तेवढेच ते संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात वाढले.

तथापि तिथीच्या शाळेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिची ओसरी सर्वांना मोकळी नव्हती. तेथे मुली अपवादानेच दिसत आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना प्रवेश नव्हता. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींसाठी काढलेली शाळा ही त्या ओसरीबाहेर उभी राहिली. सरकारी शाळेचे दारही लगेच उघडले नाही. १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला; त्यानंतर १८५८ मध्ये केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असे तत्त्व खात्याने जाहीर केले. ते प्रत्यक्षात यावयास किती काळ गेला हा निराळा व मोठा विषय आहे. एवढे मात्र खरे की हक्काची भाषा वाराच्या शाळेत बोलता आली. पंतोजीपाशी फक्त विनवणी चालली असती.

मुंबईत एक विसंगती दिसते. सरकारी शाळेत जाणाऱ्या गिरणी कामगाराच्या मुलाला रविवार मिळाला, त्याच्या बापाला मात्र मिळाला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढील वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार दिला.

परवचा त्यानंतरही बराच काळ घरोघर चालू राहिला. त्याला खरा धक्का शिक्षणखात्याने दिला नाही, टांकसाळीने दिला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम व मीटर आले, आणि आण्याशेरांच्या व्यवहाराबरोबर पावकी, सवायकी, औटकी यांचे बाजारातील काम संपले. बाजाराने मागणे सोडले ते घराने म्हणणे सोडले. पाढे उरले, तेही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर.

आठवडा मात्र आता अभ्यासाचेच नव्हे, गृहपाठाचेही माप झाला आहे. १९९३ च्या यशपाल समितीने मुलांवरील अभ्यासाच्या ओझ्याची चर्चा केली. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणात इयत्ता दुसरीपर्यंत गृहपाठ असू नये आणि तिसरी ते पाचवीसाठी तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असावा, असे सुचविले आहे. त्याच धोरणात पहिली-दुसरीच्या मुलांविषयी एक सूचना आहे : आदली संध्याकाळ घरी कशी गेली, काय खेळलो, काय खाल्ले, हे त्यांना वर्गात तोंडी सांगू द्यावे.