गज आणि छडी : मेहली मेहता यांची संगीतसेवा

आपल्या बैठकीत गायक हाच मैफलीचा धनी. तबलजी आणि पेटीवाला त्याच्या नजरेवर चालतात. पाश्चात्य वाद्यवृंदाची तऱ्हा निराळी. तेथे साठ-सत्तर वादकांना एका लयीत बांधण्याकरिता एक गृहस्थ छडी घेऊन उभा राहतो, आणि त्या छडीतून एकही स्वर निघत नाही! व्हायोलिनवादकाने गज ठेवून छडी उचलावयाची, म्हणजे स्वतःचा स्वर सोडून इतरांच्या स्वरांची चिंता वाहावयाची. मुंबईच्या एका पारशी गृहस्थाने ही चिंता आयुष्यभर वाहिली.

मेहली मेहता यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. व्हायोलिन ते बऱ्याच अंशी स्वतःच्याच बळावर शिकले. परंतु एकट्याने वाजवून सिम्फनी होत नाही. तिला वाद्यवृंद लागतो. तो मुंबईत नव्हता, म्हणून १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यात आरंभी ते प्रमुख व्हायोलिनवादक होते, पुढे संचालक झाले. वादक कोठून मिळावयाचे? कोणी हौशी पारशी, कोणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून पोटासाठी हॉटेलांत आणि चित्रपटांत वाजविणारे गोमंतकीय. अशांची मोट बांधावयाची म्हणजे संचालकाने शिक्षकही व्हावयाचे.

स्वतःचे शिक्षण अपुरे आहे ही जाणीव मेहतांना होतीच. महायुद्ध संपताच पत्नी व दोन मुले मुंबईस ठेवून ते न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे शिकावयास गेले. परत येऊन पुन्हा त्याच कामास लागले.

पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९५५ साली, सेहेचाळीस वर्षांचे असताना, हा संचालक मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात बार्बिरॉली यांच्या छडीखाली वाजवावयास बसला. स्वतःचा वाद्यवृंद चालविलेल्या माणसाने दुसऱ्याच्या इशाऱ्यावर गज फिरवावयाचा, यास मन मोठे लागते. १९५९ साली ते अमेरिकेस गेले आणि फिलाडेल्फियास कर्टिस चतुष्टयात वाजवू लागले.

मग १९६४ साली लॉस एंजल्स येथे त्यांनी पुन्हा छडी उचलली, ती तरुणांसाठी. विद्यापीठाच्या वाद्यवृंदाबरोबरच त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी स्थापन केली आणि १९९८ पर्यंत, नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत, चालविली. २००२ साली ते निवर्तले. त्यांचे पुत्र झुबिन जगद्विख्यात संचालक झाले, हे सर्वश्रुत आहे.

आता हिशेब मांडा. मुंबईचा तो वाद्यवृंद टिकला नाही. लॉस एंजल्सची संस्थाही २०२४ साली बंद पडली. मग काय उरले? माझे उत्तर असे, की वाद्यवृंद ही इमारत नव्हे, ते पीक आहे. दरवर्षी पेरणी करावी लागते. मुंबईत २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तेव्हा त्यातील पुष्कळसे वादक परदेशांतून आणावे लागले. संचालक मिळेल, सभागृहही मिळेल; परंतु शिकलेले हात विकत मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. मेहतांनी ते घडविले, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांचा गज संस्थेच्या पाटीवर अवलंबून नाही.

आपल्या गावोगावच्या संगीतसभांनीही आपला हिशेब याच मापाने मांडावा. यंदा किती मैफली झाल्या हे लिहिताना, किती मुले शिकली हेही लिहावे.