पुळणीवरचा श्वास

कोकणातल्या वेळासला माझे आजोबा पहाटे पुळणीवर निघायचे ते लोखंडी सळई घेऊन. कासवाच्या मादीचा माग सुरूच्या झाडांकडे जिथे संपायचा, तिथे सळई खुपसायची. टोक ओलं, चिकट निघालं की हातांनी वाळू उपसायची. दीड-दोन फुटांवर शंभर-सव्वाशे अंडी. काही घरात, बाकीची विकायची. तेच आजोबा देवळात दगडी कासवाला हात लावल्याशिवाय पुढे जात नसत. मी त्यांना दोष देत नाही; त्या अंड्यांवर घरात मीठमिरची येत होती. १९७२चा वन्यजीव कायदा कागदावर होता, पुळणीवर नव्हता.

२००२मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'चे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी वेळासला आले. मग ज्यांना माग ओळखता येत होता, तेच रखवालदार झाले. अंडी कुंपणात पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. अंडं जसं होतं तसंच, न फिरवता ठेवायचं, हे मी तिथेच शिकलो, कारण आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटून असतो. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून अंडं वाळूतली हवा घेतं. म्हणून खड्डा भरतीच्या रेषेच्या वर. जन्मभर पाण्यात राहणाऱ्या प्राण्याचं अंडं पाण्यात गुदमरतं! आजोबांना हे कुणी सांगितलं असतं तर, असं मला अजून वाटत राहतं.

मोठ्या कासवालाही हवाच लागते; त्याला कल्ले नाहीत. बरगड्या कवचालाच जोडलेल्या, त्यामुळे आपल्यासारखी छाती फुगत नाही. पोटातले स्नायू आतले अवयव मागेपुढे ढकलतात, तेव्हा फुप्फुसात हवा येते. अंडी घालणाऱ्या मादीजवळ रात्री गप्प बसलं की तो श्वास ऐकू येतो. मान वर होते, एक मोठा 'हुस्स', मग पुन्हा शांतता. निवांत असेल तर ती पाण्याखाली बराच वेळ काढते. पण ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून धडपडली की साठवलेली हवा भराभर संपते, आणि ती चक्क बुडून मरते. अशी एक मेलेली मादी मी किनाऱ्यावरून ओढून वर आणली आहे. तिच्या मानेला नायलॉनची गाठ होती.

२०१८मध्ये राज्य सरकारने कासव सोडवताना फाटलेल्या जाळ्याची भरपाई, पंचवीस हजारांपर्यंत, द्यायचं ठरवलं. माझ्या मते वेळासच्या कुंपणाइतकंच हे मोलाचं, कारण जाळं कापताना कोळ्याचा हात त्याच्या पोटाशी अडतो.

आता मी पहाटे जातो तो कुंपणातल्या खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलायला. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी एखाद्या टोपलीखाली वाळू खचलेली दिसते आणि त्या खळग्यातून करडी, नखाएवढी डोकी वर आलेली असतात. पाण्याजवळ सोडलं की पहिली लाट त्यांना उलटंपालटं करते. दुसरीत ती दिसेनाशी होतात. मी तिथेच उभा राहतो. चार हात पुढे पाण्यातून एक टिंब वर येतं, क्षणभर थांबतं आणि पुन्हा खाली जातं.