‘दारू’ या शब्दाविषयीं थोडा विचार
(चांदा-गडचिरोली प्रांतांतील भरमार बंदुकीच्या निमित्तानें)

किल्ल्यांच्या सामानाच्या याद्या, जमाखर्च आणि मोहिमांचीं पत्रें वाचतांना ‘दारू’ हा शब्द पुनःपुन्हा आढळतो. त्याचा अर्थ उघड आहे असें समजून संपादक बहुधा टीप न देतां पुढें जातात. परंतु एका दारूच्या ठिकाणीं तशीच दिसणारी दुसरी दारू चालते काय, हा प्रश्न इतका सोपा नाहीं. बंदूक उडविणाऱ्याच्या दृष्टीनें तो जीविताचा प्रश्न आहे. संशोधकाच्या दृष्टीनें कालनिर्णयाचा आहे. चांदा व गडचिरोली या अरण्यप्रांतांच्या संदर्भांत त्याचा विचार करणें सोईचें पडतें. कारण अन्यत्र जिला ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात, ती तोंडाकडून भरावयाची बंदूक तिकडे ‘भरमार’ या नांवानें आजही लोकांच्या तोंडीं आहे.

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशांत यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, व त्यांत शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. शब्दास शब्द असा बदली देतां येतो. चूर्णास चूर्ण देतां येत नाहीं. हें दाखविण्यासाठीं प्रथम घटकांकडे पाहूं.

सोरा, गंधक व कोळसा हीं तीन द्रव्यें सर्वत्र समान. शुक्रनीतींत अग्निचूर्णासाठीं सोरा पांच पल, गंधक एक पल व कोळसा एक पल असें प्रमाण सांगून सोऱ्याचे सहा किंवा चार भाग घेण्याचा विकल्पही दिला आहे. शेंकडेवारीनें सोऱ्याचा अंश अनुक्रमें सुमारें ७१, ७५ व ६७ येतो. इंग्रजांच्या लष्करी दारूंत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असें प्रमाण असे. म्हणजे सहा भागांच्या विकल्पांत सोऱ्याचा अंश इंग्रजी दारूशीं अगदीं जुळतो. पण या साम्यावरून काय ठरवावें? गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८० सालीं शुक्रनीतीच्या आधारें प्राचीन भारतांत अग्न्यस्त्रें होतीं असें प्रतिपादिलें. उलट लल्लनजी गोपाळ यांनीं १९६२ सालीं हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें मांडलें. केवळ प्रमाण जुळलें म्हणून काळ ठरत नाहीं.

प्रमाण जुळलें म्हणून दारूही एक ठरत नाहीं. शुक्रनीति रुई, निवडुंग इत्यादिकांचा कोळसा सांगते. बंगाल्यांत इशापूरच्या सरकारी कारखान्यांत तुरीच्या काड्यांचा कोळसा वापरीत. कोळशाचें झाड बदललें कीं जळण्याचा वेग बदलतो. तीच गोष्ट कणांची. तोफेची दारू जाड, बंदुकीची बारीक, आणि कानावर घालावयाची रंजक त्याहून बारीक. शिवाय एकच दारू पावसाळ्यानंतर तीच राहत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यांत सरद येऊं देऊं नये आणि आठा-पंधरा दिवसांनीं हवालदारानें दारू बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवावी, अशी ताकीद आहे. ज्या राज्यकर्त्यांस दारूचा असा अनुभव होता, ते यादींतील आंकड्यावर विसंबून राहत नव्हते. आपणही राहूं नये.

तरीही हे सर्व भेद एकाच जातीच्या पोटांतले होते. मे १८१८ मध्यें कर्नल ॲडम्स यानें तोफांनीं चांद्याच्या तटास खिंडार पाडून २० तारखेस शहर घेतलें, तेव्हां आंतील व बाहेरील दोन्ही पक्षांची दारू काळीच होती. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांच्या उठावांतही तेंच. २९ एप्रिल १८५८ रोजीं प्राणहितेच्या कांठीं चिचगुडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबूरावांस चांद्यास फाशी देण्यांत आलें. त्या काळीं शत्रूकडून हातीं आलेली दारू आपल्या बंदुकींत घालणें अशक्य नव्हतें. जोर कमी-अधिक होई. भरमार वजनानें नव्हे, मापानें भरतात. त्यामुळें घरच्या कमजोर दारूचें माप बाहेरच्या तेज दारूस लावलें तर धोका होताच, पण तो प्रमाणाचा होता.

१८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएल यानें धूरविरहित दारू सिद्ध केली आणि प्रमाणाचा फरक जातीचा झाला. तींत सोरा नाहीं, गंधक नाहीं, कोळसा नाहीं. ती नत्राम्लाच्या क्रियेनें पालटलेल्या कापसाची असते. १८८९ सालीं इंग्रजांचें कॉर्डाइट आलें. जाणत्या सरकारांनाही या अदलाबदलीची किंमत मोजावी लागली. १८८८ सालीं स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड बंदुकीच्या काडतुसांत आरंभीं काळी दारू होती. पुढें तिच्यासाठीं कॉर्डाइट आल्यावर नळीच्या आंतील उथळ मळसूत्री खांचा इतक्या लौकर झिजूं लागल्या कीं १८९५ सालीं खोल खांचांची ली-एनफिल्ड काढावी लागली.

हातानें काडतुसें भरणाऱ्या शिकाऱ्यांपुढें संकट याहून मोठें होतें. धूरविरहित दारूच्या कांहीं जाती काळ्या दारूच्या मापाशीं जुळाव्या म्हणून मुद्दाम हलक्या केलेल्या होत्या. दुसऱ्या घन होत्या. दोन्हींस नांव एक. पहिलीचें माप दुसरीस लावल्यास नळी फुटून हात किंवा डोळा जाण्याचा प्रसंग. छऱ्यांच्या काडतुसांवर ड्रॅमचा आंकडा छापण्याची चाल तर काळी दारू गेल्यावरही चालू राहिली. तो आंतील दारूचें वजन सांगत नाहीं. तेवढ्या काळ्या दारूशीं तुल्य असा जोर सांगतो. जुन्या कागदांतील मापें वाचतांना हा दृष्टांत लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

१९६० नंतरच्या दशकांत भंडाऱ्यास व भद्रावतीस आयुध निर्माण्या उभ्या राहिल्या. चांदा शहराचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें, तरी भद्रावतीच्या निर्माणीच्या नांवांत ‘चांदा’ टिकून आहे. तेथून जवळच्याच अरण्यांत भरमारही टिकून होती. अलीकडील वर्षांत गडचिरोलींतील अनेक गांवकऱ्यांनीं आपल्या भरमार पोलिसांकडे जमा केल्या आहेत. त्यांबरोबर दारूचीं शिंगें, मापें व भरण्याची तोंडी विद्याही नाहींशी होणार.

संग्राहकांस म्हणून दोन विनंत्या. असें शिंग वा माप दृष्टीस पडल्यास त्याचें परिमाण, मालकानें सांगितलेली माहिती व स्थळ लगेच लिहून ठेवावें. शिंगांत दारू शिल्लक असल्यास मात्र तिला हात न लावतां पोलिसांस कळवावें. आणि पोथींत दारूची कृति सांपडल्यास ती छापावी, तिच्या पाठभेदांचा विचार करावा, पण करून पाहूं नये. पाठभेद चुकला तर पुढच्या अंकांत शुद्धिपत्र देतां येतें. दारू चुकली तर तेवढीही सवड मिळत नाहीं.