चार दिवसांचा उशीर

मे १७९१. मेलुकोट्याजवळच्या माळावर तुम्ही घोड्यावर आहात, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या बिनीच्या पथकात. सहा महिन्यांहून अधिक काळ झुंजून धारवाड घेतलंत. आता टिपूच्या श्रीरंगपट्टणाकडे चाललात. हरिपंततात्या फडक्यांची फौजही संगतीला आहे.

समोर दोस्त इंग्रजांचे लाल डगले दिसतात. तुम्ही त्यांना ओळखता, ते तुम्हाला नाही. टिपूचे स्वार समजून ते बंदुका झाडतात. अखेर तुमच्यातला एक जण एकटाच दौडत जातो आणि आपण मराठे आहोत असं ओरडून सांगतो. तेव्हा कुठे गोळीबार थांबतो.

जवळ गेल्यावर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेची दशा कळते. बैल हजारोंनी मेलेत, शिपाई उपाशी आहेत. निजामाचे स्वार टिपूच्या धाकाने पहाऱ्याबाहेर चाऱ्यालाही पडत नाहीत. छावणीतलाच दाणा संपवतात. वेढ्याच्या जड तोफा ओढायला जनावरं उरली नाहीत, म्हणून २२ मे रोजी, चारच दिवसांपूर्वी, कॉर्नवॉलिसने त्या स्वतःच निकामी केल्या. फौज आता पट्टणाकडे पाठ फिरवून बंगळूरकडे निघाली आहे.

आपण येतोय हे त्याला ठाऊक नव्हतं? नव्हतं. तुमचे जासूद टिपूच्या स्वारांनी वाटेतच धरले.

तुमच्या लष्करी बाजारात धान्यापासून काश्मिरी शाली आणि विलायती बनातीपर्यंत सगळं आहे. वाणी भाव चढवतात, इंग्रज मुकाट्याने पैसे मोजतात.

राहुटीत कारकून तुम्हाला जून १७९० चा पुण्याचा तह समजावतो. जिंकलेला मुलूख पेशवे, निजाम आणि इंग्रज यांनी सारखा वाटून घ्यायचा. टिपूशी कुणी एकट्याने तह करायचा नाही. पण तिन्ही फौजांवर एक सेनापती? तो नाही. प्रत्येक सरदार हुकमासाठी आपल्याच दरबाराकडे पाहतो.

फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस पुन्हा पट्टणावर येतो. हरिपंततात्या आणि निजामाची फौज बरोबर असते. पश्चिमेकडून येणाऱ्या इंग्रज फौजेला मिळायचं सोडून भाऊ मात्र बेदनूरकडे वळतात आणि लढाई आटोपल्यावर पोहोचतात. टिपू तरीही नमतो. अर्धं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये देणं त्याला कबूल करावं लागतं. मुलखाचे तीन सारखे वाटे होतात, भाऊ उशिरा आले तरी.

वाटणी आधी ठरली, हुकूम कुणाचा हे मात्र ठरलं नाही. मे १७९१ मध्ये टिपूला नऊ महिने मिळाले ते धरलेल्या जासुदांमुळे आणि मेलेल्या बैलांमुळे; ही त्रुटी दिसली ती भाऊ बेदनूरकडे वळले तेव्हा.